वाटेची रिकामी बाजू

घर कुठे घ्यायचं हे आमच्याकडे बहुमताने ठरलं. माझं ऑफिस दुबई मरीनात, मुलीची शाळा त्याच बाजूला, आणि नवऱ्याची फॅक्टरी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात. तिघांपैकी दोघी इकडे, म्हणून डिस्कव्हरी गार्डन्समध्ये फ्लॅट घेतला. मुलगी तेव्हा इतकी लहान होती की तिचं मत तिच्या वतीने मीच दिलं. नवऱ्याने हरकत घेतली नाही. मला काय, गाडीत नुसतं बसायचं तर असतं, असं म्हणाला आणि रोज उजाडायच्या आत घराबाहेर पडू लागला.

लोक त्याला म्हणायचे, सगळं शारजा सकाळी दुबईकडे येतं, तू उलटा जातोस, तुला कसला आलाय ट्रॅफिक? असं म्हणणाऱ्यांनी औद्योगिक क्षेत्रातले चौक फॅक्टऱ्या सुटायच्या वेळी पाहिलेले नसतात. ट्रेलर, सिमेंटचे ट्रक, कामगारांच्या बसेस, आणि त्यांच्यामध्ये अडकलेली आमची गाडी. तिथून सुटला की दुबईतली गर्दी त्याची वाटच बघत असायची. संध्याकाळी मी फोन केला की तो म्हणायचा, "ब्रेकवर आहे." म्हणजे चहाच्या ब्रेकवर नव्हे, गाडीच्या. उजवा पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर आणि तिथून परत ब्रेकवर, असा त्याचा दिवस संपायचा. आल्यावर तो सोफ्यावर पाय लांब करून बसायचा आणि मी त्याला चहा द्यायचे. त्या लांब केलेल्या पायाचा मी कधी विचार केला नाही.

आम्ही दोघं पुण्याचे. कॉलेजात असताना आमच्या सायकली शेजारी शेजारी चालायच्या आणि लग्न ठरलं तेही सायकलवरच. तो माझ्या उजव्या हाताला, म्हणजे गाड्यांच्या बाजूला असायचा. मागून हॉर्न वाजला की बोलणं अर्धवट टाकून माझ्या मागे जायचा आणि गाडी गेली की पुन्हा शेजारी यायचा. तोवर काय बोलत होतो ते दोघंही विसरलेलो असायचो. अशी किती तुटलेली वाक्यं घेऊन आम्ही संसाराला लागलो कोण जाणे.

माझ्या ऑफिसात एक फ्रेंच सहकारी होता. त्याच्या स्क्रीनवर कायम एकच फोटो असायचा: एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उंच झाडांची रांग आणि मधून जाणारी बारीक पांढऱ्या खडीची वाट. मी एकदा विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, हे त्याच्या आजोळचं गाव. पूर्वी या वाटेवरून घोडे दोर बांधून होड्या ओढत नेत. आता तिथे चालणारे जातात आणि सायकलवाले. इंजिन असलेलं काहीही आत सोडत नाहीत. दोन सायकली शेजारी शेजारी जाऊ शकतात का, असं मी विचारल्यावर तो हसला. त्याचे आईवडील सत्तरी उलटल्यावरही तशाच चालवतात, म्हणाला, आणि सबंध रस्ता भांडत असतात.

त्या संध्याकाळी नवरा घरी आल्या आल्या मी त्याला हे सांगितलं. जिथे मागून कधीच हॉर्न वाजणार नाही अशी वाट आहे म्हणे. तो लगेच म्हणाला, जाऊ या. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो नाही म्हणायचा. तो कधीच नाही म्हणाला नाही. जाऊ या म्हणण्यात आमच्या घरात कुणी कंजुषी केली नाही, फक्त जायचं तेवढं राहिलं.

कारण आखातातल्या माणसाची रजा त्याची स्वतःची नसते. ती वर्षभर आधीच वाटून झालेली असते. अर्धी सासरी, अर्धी माहेरी, आणि दोन्हीकडे ऐकायचं की यंदा तुम्ही आमच्याकडे राहिलातच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, आम्ही तर दोन्हीकडे पोट फुटेस्तोवर जेवून उपाशी असायचो. भाच्याची मुंज आमच्या रजेवर, पुतणीचं लग्न आमच्या रजेवर. 'तुम्ही दुबईकर कधी येताय ते सांगा, मग मुहूर्त बघू,' असं म्हटल्यावर फ्रान्सला जातो म्हणायची कुणाची छाती आहे? दर वर्षी विमानात बसताना मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. तोही नक्की म्हणायचा आणि खिडकीला डोकं टेकून झोपून जायचा.

मधल्या काळात आम्ही सायकली घेतल्या. आमच्याच बिल्डिंगमधलं एक कुटुंब कायमचं परत निघालं होतं. अशा वेळी इथे घरातल्या सगळ्या वस्तूंचे फोटो ग्रुपवर येतात आणि दोन दिवसांत घर रिकामं होतं. त्यांच्याकडे खडीवर चालणाऱ्या, जाड टायरच्या दोन सायकली होत्या. त्या गाडीच्या मागे बांधून आम्ही थंडीच्या दिवसांत शनिवारी सकाळी अल कुद्राला, वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर जायचो. सायकल चालवायला आधी गाडी चालवत जायचं, ही इथली रीत. तिथला ट्रॅक सुरेख आहे, पण शेजारी शेजारी चालवायची सोय नाही. चकचकीत कपडे घातलेल्यांचे जथे मागून बाणासारखे यायचे आणि ओरडून बाजूला व्हायला सांगायचे. मग आम्ही डांबर सोडून कडेच्या खडीत उतरायचो. तिथे वाळू इतकी की बोलायला दम उरायचा नाही. ही तालीम आहे गं, तो म्हणायचा, खरा प्रयोग फ्रान्सला.

शेवटी मुलगी शिकायला हॉलंडला गेली, आणि दोन्ही घरांत लग्नाचं कुणी उरलं नाही. मी दर वर्षीची जूनची रजा फ्रान्सला देऊन टाकली. व्हिसा, तिकिटं, दोन सायकलींचं भाडं, कालव्याकाठच्या गावांमधल्या खोल्या, सगळं महिनोन् महिने आधी ठरवलं. त्या दिवसांत मी ऑफिसात विनाकारण हसत असायचे.

नवऱ्याचा गुडघा दुखायला लागला तो त्या जूनच्या आधीच्या दिवाळीत. इथल्या आपल्या माणसांची एक सवय आहे. आपण राहतो इथे, पण शरीर दुरुस्तीला भारतात नेतो. दाढ दुखली, चष्म्याचा नंबर वाढला, रक्त तपासायचं झालं, की एकच उत्तर: इंडियाला गेल्यावर. कंपनीने दिलेलं इन्शुरन्सचं कार्ड पाकिटात असतं आणि दाढ मात्र पुण्याची वाट बघत ठणकत असते. तिकडे आपले डॉक्टर असतात, ओळखीचे असतात, नीट बघतात. तेव्हा गुडघ्याबद्दल तो म्हणाला, जूनमध्ये दाखवू. मीही हो म्हटलं. जूनमध्ये आपण भारतात जाणारच नाही आहोत, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. एकाच जूनमध्ये त्याने डॉक्टर ठेवला होता आणि मी कालवा.

हे मला आजही खरं वाटत नाही. दोघंही शिकलेले, दोघंही ऑफिसात दुसऱ्यांची वेळापत्रकं लावणारे. पण जून म्हणजे पुणे हे इतकं हाडीमासी भिनलेलं होतं की मी फ्रान्सची तिकिटं काढत असताना तो गुडघ्याला मलम चोळत म्हणाला, आता काय, चारच महिने राहिले. आणि मी म्हटलं, हो ना.

एप्रिलमध्ये, उन्हाळा तापायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला, तो अल कुद्राच्या खडीत सायकलवरून उतरू शकला नाही. एक पाय टेकवून, हँडल घट्ट धरून तसाच उभा राहिला. चेहरा पांढराफटक. दुसऱ्या दिवशी वरातीमागून घोडं तसे आम्ही डिस्कव्हरी गार्डन्सच्या जवळच्याच क्लिनिकमध्ये गेलो. तिथला मल्याळी डॉक्टर गुडघ्याचा एक्स-रे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "इतना लेट क्यों किया?"

"इंडिया जानेवाले थे," नवरा म्हणाला.

डॉक्टरने नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यावरून मी ओळखलं की याचाही दातांचा डॉक्टर केरळातच असणार. गुडघ्यातली गादी झिजून गेली आहे, म्हणाला. सहा महिन्यांपूर्वी आला असतात तर व्यायामावर काही वर्षं काढता आली असती, सायकलही चालली असती. आता सायकल बंद, जिने कमी, लांब चालणं नको, पुढे ऑपरेशन. मी विचारलं, इतकी वर्षं गाडी चालवल्याने झालं का? तो म्हणाला, फक्त त्यानेच असं नाही म्हणता येणार, पण त्याने भलंही झालेलं नाही. घरी येताना गाडी मी चालवली. बहुमताची गोष्ट मला त्या रस्त्यावर आठवली आणि मी ती त्याला बोलून दाखवली नाही.

मुलगी फोनवर चिडली. "बाबा, यू हॅव इन्शुरन्स. व्हाय वुड यू वेट फॉर पुणे?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला काय सांगणार? तिला पुणे म्हणजे आजीच्या घरचा एसी नसलेला महिना. मी सगळं रद्द करायला निघाले होते. नवऱ्याने मात्र पहिल्यांदाच माझं काही ऐकलं नाही. तू चालव, म्हणाला, मी गाडीने पुढच्या गावात येऊन थांबतो. अजून एक वर्ष पुढे ढकललं तर तुझेही गुडघे जातील.

आणि आम्ही गेलो.

ती वाट फोटोत होती तशीच होती, हे मला सर्वात जास्त लागलं. फोटोपेक्षा वाईट असती तर बरं झालं असतं. बारीक पांढरी खडी, टायरखाली तांदूळ निवडल्यासारखा आवाज. कालव्याचं पाणी हिरवं आणि स्थिर, थोड्या थोड्या अंतरावर पाण्याची पातळी बदलून होड्या वर-खाली करायचे लाकडी दरवाजे, त्यांच्याशेजारी रखवालदारांची छोटी घरं, खिडक्यांत फुलं. पलीकडच्या कुरणांत पांढऱ्या गाई. अर्धा अर्धा तास माणूस दिसायचं नाही. पहिल्या दिवशी मी पुण्याच्या सवयीने डाव्या कडेने चालले होते, उजवी बाजू मोकळी सोडून. समोरून आलेल्या एका आजीबाईंनी घंटी वाजवून, हात हलवून, फ्रेंचमध्ये मला चांगलं झापलं. इथे उजवीकडून चालायचं असतं. मी उजवीकडे गेले आणि त्याची जागा माझ्या डाव्या हाताला आली. ती जागा मी रिकामीच ठेवली. त्या साऱ्या दिवसांत एकदाही मी वाटेच्या मधून सायकल चालवली नाही.

त्याची गाडी त्या वाटेवर येऊ शकत नव्हती. ज्यासाठी आम्ही ती वाट निवडली, नेमकं तेच आड आलं. तो डोंगराला वळसा घालून मोटाररस्त्याने पुढच्या गावात जायचा. दुपारी बारानंतर तिथे बेकरी बंद, दुकान बंद, रस्त्यावर मांजरसुद्धा नाही. तो चर्चसमोरच्या बाकावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात माझी वाट बघायचा. सायकल भाड्याने देणाऱ्याने ठरल्याप्रमाणे दोन सायकली आणल्या होत्या आणि नवऱ्याने दुसरी परत करू दिली नाही. एखाद्या दिवशी बरं वाटलं तर, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी खोलीचं भाडं देऊन बाहेर येते तो, हा अंगणात ती सायकल घेऊन उभा. पायडल अर्धं फिरलं, तिथेच थांबलं. त्याने सायकल गाडीला पुन्हा बांधली, पट्ट्या दोनदा ओढून बघितल्या आणि मला म्हणाला, "निघ तू, ऊन होईल." जूनमधल्या फ्रान्सच्या उन्हाची काळजी दुबईच्या माणसाने करावी, याच्यावर एरवी मी त्याची चांगली चेष्टा केली असती.

रोज संध्याकाळी तो विचारायचा, काय काय पाहिलंस? मी सांगायचे. बगळा पाहिला, एका होडीवर कुणी कपडे वाळत घातले होते, कोकिळेसारखा पक्षी ओरडत होता. सांगताना ते सगळं बिचारं वाटायचं. बगळा त्या वेळी, तिथे, एकमेकांना बोट करून दाखवण्यात मजा असते. संध्याकाळी हॉटेलात बसून बगळ्याची बातमी देण्यात काय आहे? तिसऱ्या दिवशी मला एक म्हातारं जोडपं दिसलं, आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी तरी मोठं. शेजारी शेजारी सायकली, आणि बाई नवऱ्याला कशावरून तरी तावातावाने समजावत होत्या. ते मी त्याला सांगितलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी थोडा पाऊस पडून गेला होता. झाडांमधून ऊन खाली आलं होतं आणि खडी चमकत होती. पुढचं गाव जवळ आलं असावं. मी वेगात होते. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी खूश होते, आणि खूश असल्याचा रागही येत नव्हता. पुढे वाटेवर एक म्हातारा पाठमोरा चालताना दिसला. एका पायावर भार देत, दुसरा ओढत. असेल कुणी गावातला, जेवणाआधी फिरायला आलेला. मी लांबूनच घंटी वाजवली. तो लगेच बाजूला झाला, पार गवतात जाऊन उभा राहिला, मांडीवर हात टेकून, मान खाली घालून. मी शेजारून गेले तेव्हा तो वर न बघताच फ्रेंचमध्ये माफी मागत म्हणाला, "पार्दों."

तो आवाज कुणाचा आहे हे कळेपर्यंत मी पुढे निघून गेले होते.

मी ब्रेक दाबला, सायकल तिथेच आडवी टाकली आणि मागे पळत आले. त्याला वाटलं मी पडले. कुठे लागलं, कुठे लागलं, असं तोच मला विचारायला लागला. लग्नाआधी जो माझ्या आणि गाड्यांच्या मध्ये सायकल घालायचा, त्याला मी घंटी वाजवून वाटेबाहेर काढलं होतं. आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल म्हातारा हा शब्द आला होता. रोज त्याला चहा देणाऱ्या माझ्या डोळ्यांना तो कधी म्हातारा झाला ते दिसलं नव्हतं, पाठमोरा दिसला तेव्हा दिसलं.

"तू इतकं चालत आलासच का?" मी रागावले. रडू येत होतं, म्हणून रागावले.

"तुला चालवताना बघायचं होतं," तो म्हणाला. "एवढे दिवस झाले, एकदाही बघितलं नाही. त्या वाटेवर गाडी कुठे येते? म्हटलं, निदान शेवटच्या दिवशी चालत जाऊ. बराच वेळ थांबलो, पाय दुखायला लागला म्हणून परत फिरलो. आणि नेमकी आलीस तेव्हा मान खाली."

मी म्हटलं, चल, सायकल हातात धरून चालते तुझ्याबरोबर गावापर्यंत. मला खरंच तेच हवं होतं. तो नको म्हणाला. परत मागे जा, म्हणाला, त्या झाडापर्यंत, आणि पुन्हा ये. आता बघतो.

मी मागे गेले आणि वळून आले. या वेळी तो गवतात नव्हता. वाटेच्या डाव्या बाजूला, खडीवर उभा होता. मी जवळ आले तसा तोही चालू लागला. शेजारी राहता यावं म्हणून पाय ओढत, जमेल तितक्या भराभर. मी वेग कमी केला, अजून कमी केला. सायकल डगमगायला लागली. पावलं थोडीच होती, पण तेवढं अंतर आम्ही शेजारी शेजारी गेलो. मागून कुणी येत नव्हतं, आणि बोलायला दोघांनाही काही सुचलं नाही.

मग तो थांबला. "बास," म्हणाला. "जा आता, मी बघतोय."

मला उतरायचं होतं. पण त्याला मला जाताना बघायचं होतं, म्हणून मी पाठ ताठ ठेवून, मागे वळून न बघता पायडल मारत राहिले. आणि आयुष्यात बाकी सगळं ढकललं तसं ते रडणंही गावापर्यंत पुढे ढकललं.